तारेचा गांधार खर्जातून

साधी क्लॅरिनेट, म्हणजे बँडवाल्यांच्या तोंडची 'क्लॅरोनेट', वाजवणारा माणूस पहिल्यांदा बास क्लॅरिनेट हातात घेतो तेव्हा पहिला अर्धा तास फार सुखाचा जातो. खालचे स्वर न मागता येतात. लाकडी, रुंद, छातीत घुमणारे. मग तो वर चढायला लागतो. मधला टप्पा ओलांडताना स्वर दोन थरांत फुटतो, वर हवा तो स्वर आणि त्याच्याखाली एक घोगरी घरघर. आणखी वर गेलं की नुसती किंचाळी. मग साध्या क्लॅरिनेटच्या सवयीने जबडा आवळला जातो, रीड दाताखाली दाबली जाते, आणि जे थोडंफार येत होतं तेही जातं.

माझं म्हणणं असं की या वाद्याचे वरचे स्वर वर शोधायचेच नाहीत. ते खालच्या स्वरात आधीच असतात. आपल्याकडे ज्याने खर्ज भरला त्याला तार सोपी जाते असं गवई म्हणतात; बास क्लॅरिनेटच्या बाबतीत हे ध्वनिशास्त्राने अक्षरशः खरं ठरतं. ते कसं, हे आधी नळीपासून पाहू.

बी-फ्लॅट बास क्लॅरिनेट साध्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या बरोबर एक सप्तक खाली बोलते. तिची नळी सरळ, म्हणजे वरपासून खालपर्यंत जवळपास एकाच व्यासाची, आणि तोंडाच्या टोकाला रीडने बंद. अशा एका टोकाला बंद असलेल्या नळीत सर्वांत खालच्या स्वराच्या तरंगलांबीचा फक्त चौथा हिस्सा मावतो. म्हणून लो ई-फ्लॅटपर्यंत जाणाऱ्या वाद्याचा तळाचा स्वर सुमारे 69 हर्ट्झ, आणि त्यासाठी नळी सव्वा मीटरच्या आसपास लागते. लो सीपर्यंत जाणारी मोठी वाद्यं 58 हर्ट्झपर्यंत उतरतात आणि जवळपास दीड मीटर नळी मागतात. बैठकीत मांडी घालून हे वाद्य वाजवायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, खुर्ची लागतेच.

आता 69 हर्ट्झ हा आकडा आपल्या कानाला परका नाही. पुरुष गायकासाठी काळी एकला तानपुरा लावला तर जोडीच्या तारा 139 हर्ट्झच्या जवळ येतात आणि शेवटची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 वर. बास क्लॅरिनेटचा तो तळाचा, लिहिण्यातला ई-फ्लॅट आणि काळी एकचा खर्ज हा कानाला एकच स्वर आहे. रत्नागिरीत दर जानेवारीला थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो. तिथे मैफल सुरू होण्याआधी तानपुरे लागत असताना लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गांधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो तारेचा पाचवा स्वरांश असतो, मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा. 69 चे पाचपट साधारण 346 हर्ट्झ, म्हणजे तार सप्तकातला गांधार.

तारेत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे स्वरांश असतात. सनई आणि बासरीतही असतात, म्हणून फुंक वाढवली की त्यांचा स्वर सरळ एक सप्तक वर उडी मारतो. बासरी दोन्ही टोकांना मोकळी. सनई रीडने बंद खरी, पण तिची नळी खालच्या अंगाला रुंद होत जाते आणि शंकूच्या आकाराची नळी सप्तकानेच उडते. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि एका बाजूला बंद, त्यामुळे तिला सम स्वरांश जवळपास जमत नाहीत. ती पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जाते आणि तिथून पाचव्यावर. तळाचा स्वर मंद्र षड्ज धरला तर पुढची पायरी मध्य सप्तकातला पंचम, त्यापुढची तार गांधार, आणि त्यापुढची सातवा स्वरांश म्हणजे थोडा उतरलेला तार कोमल निषाद. सनई सोडून क्लॅरिनेटकडे वळलेल्या वादकाला दुसऱ्या सप्तकाची बोटं वेगळी का, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात पडतो. त्याचं उत्तर एवढंच.

सा, प, ग, नि. बोटांच्या एकाच ठेवणीत हे चारही स्वर दडलेले असतात, आणि यातला कोणता बाहेर यावा हे तिघं मिळून ठरवतात. नळीला पाडलेलं छोटं छिद्र, तोंडातली पोकळी आणि हवा. जबडा या तिघांत नाही.

छिद्राचं आधी सांगतो, कारण ते यांत्रिक आहे आणि लवकर आटपतं. डाव्या अंगठ्याच्या वर रजिस्टर चावी असते. ती दाबली की वर एक बारीक छिद्र उघडतं आणि मूळ स्वराची पकड सुटते. पंचमाला मात्र त्याचा त्रास होत नाही, कारण तिसऱ्या स्वरांशाची एक गाठ, म्हणजे जिथे हवेचा दाब हलत नाही अशी जागा, त्याच्या आसपास असते. अडचण अशी की प्रत्येक बोटठेवणीला ही गाठ वेगळ्या जागी पडते आणि छिद्र एकच. साध्या क्लॅरिनेटवर ही तडजोड चालून जाते, बासवर नाही. म्हणून चांगल्या बास क्लॅरिनेटला दोन छिद्रं असतात. टप्पा ओलांडल्यावरच्या पहिल्या काही स्वरांसाठी एक, त्यावरच्या सगळ्यांसाठी दुसरं, अगदी वर नेकवर, म्हणजे माउथपीस बसतो त्या वाकड्या नळीवर. उजव्या हाताची अनामिका खाली आहे की उचललेली, यावरून ती आपोआप बदलतात. स्वस्त वाद्यात एकच छिद्र असतं आणि तिथे ती घरघर वाद्याच्या अंगचीच असते. अशा वाद्यावर महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

याच्याही वर जायचं, म्हणजे पाचव्या स्वरांशाच्या प्रदेशात, तर आणखी एक छिद्र लागतं, आणि ते डाव्या तर्जनीखाली आहे. एक उदाहरण घ्या. लो ए ची बोटं लावा, डाव्या हाताची तिन्ही आणि उजव्याची दोन. रजिस्टर चावी दाबली की तीच बोटं वरचा ई देतात. आता डाव्या तर्जनीखालचं छिद्र उघडलं की सी-शार्प येतो. ए, ई, सी-शार्प. पुन्हा सा, प, ग. साध्या क्लॅरिनेटवर यासाठी तर्जनी सरळ उचलतात. बासवर उचलली तर छिद्र एवढं मोठं उघडतं की स्वर चढतो किंवा फुटतो. म्हणून बासच्या तर्जनीच्या चावीवर, पत्र्याच्या मधोमध, सुईच्या टोकाएवढं एक भोक ठेवलेलं असतं. बोट उचलायचं नाही. चावी दाबलेलीच ठेवून बोट खालच्या बाजूला किंचित घरंगळवायचं, म्हणजे ते भोक मोकळं होतं. क्लॅरिनेटवरून आलेले बहुतेक जण या भोकाकडे बघतही नाहीत, आणि वरचे स्वर का येत नाहीत म्हणून रीड बदलत राहतात.

तोंडातल्या पोकळीचं प्रकरण जास्त रंगतदार आहे आणि खरा रियाज तिथेच आहे.

जीभ तोंडात कुठे आहे यावर घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीचा आकार ठरतो आणि रीडला कोणता स्वरांश सोपा वाटेल हे तो आकार सुचवतो. गायनातला आकार आणि ईकार इथे थेट कामाला येतात. 'आ' म्हणताना जीभ खाली पसरते, 'ई' म्हणताना तिचा मधला भाग टाळूकडे जातो. खर्जाला 'आ' लागतो, पंचमाला 'ए'च्या जवळचं काहीतरी, गांधाराला 'ई'. पण साध्या क्लॅरिनेटवर जेवढी जीभ वर जाते तेवढी इथे नको. बासचा माउथपीस मोठा, रीड रुंद, आणि एकूण पोकळीच मोठी हवी असते. क्लॅरिनेटवाल्याची सवयीची 'ई' बाससाठी नेहमीच जास्त होते.

आता रियाज. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाईलवरचा तानपुरा काळी एकला लावा, पहिली तार पंचमाला. सर्व बोटं बंद करून लो ई-फ्लॅट धरा. तो खर्जाच्या तारेत मिसळेपर्यंत पुढे जायचं नाही. मिसळला की वाद्य आणि तानपुरा वेगळे ऐकू येईनासे होतात. हवा गरम आणि रुंद, थंडीत तळहातावर 'हाऽ' करतो तशी. ओठांची पकड एवढीच की हवा बाजूने गळू नये.

मग एकही बोट न हलवता, रजिस्टर चावीला हात न लावता, फक्त जीभ हळूहळू 'आ'कडून 'ए'कडे न्या आणि हवेचा वेग थोडा वाढवा. सुरुवातीला खर्ज थोडा बारीक होईल, मग कुरकुरेल आणि एका क्षणी पंचम निसटून वर येईल. तो आला की तिथेच थांबून जबडा तपासायचा. वरचा ओठ ताठ झाला आहे का? रीड दाबली जातेय का? दाबली असेल तर तो पंचम बारीक आणि चिरका असतो, खुल्या जबड्याचा पंचम गोल असतो. दोन्ही मुद्दाम करून पाहिले की फरक एकदाच कळतो आणि पुन्हा विसरत नाही. पंचमावरून खाली खर्जावर यायचं तेही मध्ये खंड न पाडता. चढण्यापेक्षा हे उतरणं अवघड आहे आणि त्याने जास्त शिकायला मिळतं, कारण जीभ नेमक्या कुठल्या जागी आल्यावर पंचम सुटतो हे उतरतानाच कळतं.

पंचम हुकमी झाला की गांधार. तो लगेच मिळत नाही. मध्ये फुसफुस येते, कधी पंचम आणि गांधार एकदमच वाजतात. बास क्लॅरिनेटवर हे करणं साध्या क्लॅरिनेटपेक्षा सोपं आहे, कारण स्वरांश आपल्या बोलण्याच्या, गाण्याच्या पट्टीत पडतात. त्यामुळे एक युक्ती चालते. वाद्य बाजूला ठेवून तो तार गांधार 'ई'कारात गुणगुणा, मग तोंडाची ठेवण न मोडता वाद्य तोंडाला लावा. गळ्याने स्वराची जागा आधीच धरलेली असते. सातवा स्वरांश, तो उतरलेला निषाद, आला तर आला. त्यासाठी हट्ट नको.

हा रियाज काही आठवडे नेमाने झाला की नेहमीच्या बोटांनी वाजवलेले वरचे स्वर आपोआप स्थिर व्हायला लागतात, कारण रजिस्टर चावी जे काम करते ते तोंडाने आधीच केलेलं असतं. आणि गंमत म्हणजे खालचा स्वरही भरतो. नाद म्हणजे शेवटी स्वरांशांचं प्रमाण; ज्याला प आणि ग वेगळे काढता येतात त्याच्या सा मध्येही ते नीट मिसळलेले असतात. यानंतर नादासाठी वेगळा व्यायाम मी कुणाला सांगणार नाही.

बँडमधून आलेल्या वादकाला इथे एक जास्तीची अडचण येते. आपली लग्नाची वरात आणि तिथली सगळी गायकी अंगाची क्लॅरिनेट बोटांच्या मींडेवर उभी आहे. साध्या क्लॅरिनेटची छिद्रं उघडी असतात, बोट हळूच सरकवलं की स्वर ओढला जातो. मास्टर इब्राहिम यांच्या जुन्या तबकड्यांवर हिंदी सिनेमाची गाणी क्लॅरिनेटवर जशी 'गायली' जातात, त्यात हा बोटांचा खेळ भरपूर आहे. बास क्लॅरिनेटची छिद्रं बोटापेक्षा मोठी, त्यामुळे ती चाव्यांच्या झाकणांनी बंद होतात. झाकण अर्धं उघडून मींड निघत नाही, फक्त स्वर मरतो. मींड हवी तर ती जिभेने आणि घशाने, म्हणजे वरच्या व्यायामातूनच येते. माउथपीस आणि नेक एवढंच जोडून फुंकायचं आणि जो स्वर येईल तो केवळ जीभ खाली नेऊन जितका खाली आणता येईल तितका आणायचा. ओठ ढिले करून नाही. दोन-तीन स्वरांची मींड इथे बसली की पुऱ्या वाद्यावर ती येते.

एवढं करूनही घरघर गेली नाही तर दोष तोंडाचा नसून गळतीचा असण्याची शक्यता मोठी आहे. बासचे पॅड मोठे, चाव्यांच्या दांड्या लांब, आणि वरचा-खालचा तुकडा जोडताना मधले दुवे सहज वाकतात. वरचा तुकडा वेगळा काढायचा, सगळी छिद्रं बंद करायची, खालचं तोंड तळहाताने झाकायचं आणि वरून हवा ओढून घ्यायची. ओढ दोन-तीन सेकंद टिकली तर ठीक. लगेच सुटली तर सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी एकेका पॅडखाली धरून चावी दाबायची आणि कागद ओढायचा. जिथे तो अडखळत नाही तिथे गळती. नेकवरच्या रजिस्टर छिद्राचा पॅड सगळ्यात आधी तपासावा. तो केसभर उघडा राहिला तरी खर्ज बसत नाही आणि वर घरघर राहते.

रत्नागिरीत यात हवेची भर पडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि वरून समुद्राची खारी हवा. चाव्यांना उचलणाऱ्या सुयांसारख्या पोलादी स्प्रिंगा गंजतात आणि ऐन वाजवताना तुटतात. पावसाळ्याआधी प्रत्येकीच्या बुडाशी तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने सोडला तर वर्ष निघतं. चामड्याचे पॅड ओल धरून फुगतात, छिद्राच्या काठाला चिकटतात. लाकडी वाद्याचे सांधे जुलैत इतके घट्ट होतात की जोडताना जोर केला तर नेमका तो मधला दुवा वाकतो. कोकणात राहून पहिलं वाद्य घेणाऱ्याने प्लॅस्टिकचं किंवा एबोनाइटचं घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. नादात फरक पडतो तो माउथपीस आणि रीडने. नळीच्या लाकडाचा क्रमांक बराच खाली येतो.

रीड मात्र खरी वेताचीच बरी, निदान शिकताना. ती अरुंडो डोनॅक्स नावाच्या बांबूसारख्या गवताची असते. नामांकित रीड दक्षिण फ्रान्सच्या वार भागातल्या वेताची, म्हणजे कोरड्या उन्हात वाढलेली. ती आपल्याकडे जुलैत आली की पाणी पिऊन बसते. टोक जाड होतं, उत्तर द्यायला उशीर लागतो, आणि डबीत ओली राहिली तर बुरशी धरते. वाजवून झाल्यावर पुसून, काचेच्या सपाट तुकड्यावर पालथी ठेवून वाळू द्यावी, एकाच वेळी तीन-चार रीड फिरवत वापराव्यात. उलट प्रकार मुंबईत होतो. रात्रीच्या गाडीने गेलेला वादक सकाळी वातानुकूलित सभागृहात रीड काढतो तेव्हा तिचं टोक लाटेसारखं वाकलेलं असतं. तेव्हा ती तोंडात नीट भिजवून, काचेवर अंगठ्याने दाबून सपाट करावी. रीडचा क्रमांक सुरुवातीला अडीच ठीक. फार मऊ रीड वरच्या स्वरांना टिकत नाही, दाबाखाली मिटते; फार कडक घेतली की खालच्या स्वरात वाराच जास्त. बासची रीड मिळाली नाही तर टेनर सॅक्सोफोनची रीड जवळच्या मापाची आहे, अनेक जण तीच वापरतात.

सॅक्सोफोनचं नाव निघालं म्हणून. आज आपण वाजवतो त्या बास क्लॅरिनेटला रूप दिलं ते त्याच अॅडॉल्फ सॅक्सने, 1838 मध्ये, सॅक्सोफोनचं पेटंट घेण्याच्या आठ वर्षं आधी. त्यानंतर बराच काळ ऑर्केस्ट्रात तिच्याकडे खालची कामंच आली. चायकोव्हस्कीच्या 1892 च्या 'नटक्रॅकर'मध्ये ती खाली उतरत जाणारे चार-सहा स्वर वाजवते ते गाजले. वरचं दार उघडलं ते विसाव्या शतकात. चेक वादक योसेफ होराकने 1955 मध्ये या एकाच वाद्याची स्वतंत्र मैफल केली, आणि पुढच्या काही वर्षांत जॅझमध्ये एरिक डॉल्फी आला. डॉल्फीचं एकट्याचं वाजवणं ऐकताना लक्षात येतं की तो खर्जावरून एकदम वर उडी मारतो आणि उडी मारण्याआधी खर्ज पूर्ण भरून घेतो.

शेवटची एक बारीक गोष्ट सुराची. तानपुऱ्याचा गांधार हार्मोनियमच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभरातले 14 भाग, उतरलेला असतो, आणि सातव्या स्वरांशातला निषाद हार्मोनियमच्या कोमल निषादापेक्षा 31 सेंट. क्लॅरिनेटच्या चाव्या आणि छिद्रं हार्मोनियमच्या बाजूने लावलेली असतात. म्हणजे बोटांनी काढलेला वरचा गांधार तानपुऱ्याच्या मानाने चढा लागणार. अनेकांना वाटतं की आपण वर चुकतोय म्हणून तो चढा आहे, आणि ते आणखी आवळतात. आवळल्याने स्वर आणखी चढतो. तानपुरा साथीला असेल तर त्या स्वरावर जबडा किंचित सोडावा, जीभ 'ई'वरून 'ए'कडे केसभर आणावी, गांधार जागेवर बसतो. हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर काही न करता बोटांना जे येतं तेच ठेवावं. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर हार्मोनियमवाल्याला गांधारावर थांबू नको म्हणून सांगावं.